जुन्या गाडीला जाड स्टॅबिलायझर बार बसवताना : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

"घाटात गाडी फार अंग टाकते, जाड बार टाकून द्या," असं म्हणत आमच्याकडे नेहमी कुणी ना कुणी येतं. काही जण बार आधीच ऑनलाइन मागवतात, रविवारी घरी जॅक लावून बसवतात आणि सोमवारी खडखडणारी गाडी आमच्या दारात उभी करतात. दोघांनाही जे सांगावं लागतं ते या पत्रकात आहे. बार घेण्याआधी वाचलंत तर तुमचे पैसे वाचतील आणि आमचा रॅम्प मोकळा राहील.

बारचं काम तुम्हाला माहीत आहेच. वळणावर बाहेरचं चाक दबतं, आतलं सुटतं, डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा हा मधला दांडा पिळला जातो आणि तो पीळ गाडीला कलण्यापासून रोखतो. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर दांडा बुशमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या रबरी कड्यांत, नुसता फिरतो. त्यामुळे ब्रेक दाबल्यावर नाक खाली जाणं किंवा खड्ड्यात तळ आपटणं बार बदलून थांबत नाही. ती शॉकअप आणि स्प्रिंगची दुखणी आहेत, त्यांचा इलाज आधी करावा.

आता जाडी. "दोनच एमएम तर वाढवतोय," हे वाक्य आम्ही फार ऐकतो. भरीव दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 22 मिमीच्या जागी 24 मिमीचा बार आला, बाकी आकार तोच राहिला, तर ताठपणा सुमारे 42 टक्क्यांनी वाढतो. पोकळ बारला नावं ठेवू नका. बाहेरून 24 मिमी आणि 4 मिमी जाडीची भिंत असलेली नळी त्याच व्यासाच्या भरीव दांड्याच्या 80 टक्के ताठ असते, वजनाला मात्र निम्म्याहून थोडी जास्त. बारच्या टोकाला दोन-तीन भोकं असतील तर सुरुवात टोकाच्या, म्हणजे सगळ्यात नरम भोकापासून करा. आतलं भोक घेतलं की बारचा हात आखूड होतो आणि बार आणखी ताठ होतो. शिवाय ताठ बारच्या गाडीने स्पीडब्रेकर तिरका घेतला तर आत बसलेल्यांच्या माना हलतात. तो सरळच घ्यायची सवय लावा.

पुढे की मागे? पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीला पुढे जाड बार टाकला की ती कलते कमी, पण वळणात नाक बाहेर पळतं. मागे जाड बार टाकला की नाक चांगलं वळतं, म्हणून हौशी मंडळींना तोच आवडतो. पण पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात उतारावर, ओल्या वळणात अॅक्सिलरेटर एकदम सोडला तर त्याच गाडीची शेपटी सुटू शकते. मागचे टायर गुळगुळीत झालेल्या गाडीला आम्ही मागचा जाड बार बसवत नाही. कुणी कितीही आग्रह केला तरी नाही, आणि याबद्दल चार जण नाराज झालेले आम्हाला चालतात.

मारुती 800 वाल्यांनी हे जरूर वाचा. या गाडीत पुढचा बार फक्त कलणं रोखत नाही. लोअर आर्मला, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याला, पुढे-मागे हलू न देण्याचं कामही तोच करतो. त्याच्या टोकाचे रबर गेले की ब्रेक मारताना चाक मागे सरकतं, स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. तिथे दुसऱ्या गाडीचा दांडा वेल्डिंग करून बसवणं जिवाशी खेळणं आहे. नवीन रबर, नवीन वॉशर आणि नवीन नट टाकले तर बहुतेक 800 बारला हात न लावताच सरळ होतात.

आता ज्या चुकीसाठी हे पत्रक छापलं, ती. बार हवेत कसायचा नसतो.

गाडी जॅकवर घेतली की चाक लोंबतं, आर्म खाली जातो. त्या अवस्थेत रबर बुशचा बोल्ट पूर्ण आवळला तर रबर त्याच जागी पकडलं जातं. गाडी खाली आली, आर्म आपल्या जागी वर गेला, की ते रबर उभ्या गाडीतसुद्धा पिळलेलंच राहतं. पुढे प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळतं आणि लवकरच कडेने फाटतं. मग कटकट आवाज सुरू होतो आणि दोष बारला जातो.

दुसरा प्रकार याहून वाईट. एकाच बाजूला जॅक लावला की एक चाक लोंबतं, दुसरं जमिनीवर असतं आणि बार पिळलेला असतो. बारचं टोक सस्पेन्शनला जोडणाऱ्या शेवटच्या लिंकचं भोक जुळत नाही. लिंक लांबी बदलता येणारी असेल तर माणूस ती फिरवून भोक जुळवतो आणि मोकळा होतो. गाडी खाली उतरली की तीच चुकीची लांबी बारला कायमचा पीळ देते. अशी एक जुनी सेडान आमच्याकडे आली होती. डाव्या वळणात मस्त, उजव्या वळणात सैल. मालकांनी तीन वेळा अलाइनमेंट करून घेतलं होतं. आम्ही दोन्ही लिंक काढून शेजारी ठेवल्या, तर एक दुसरीपेक्षा करंगळीच्या पेराएवढी लांब निघाली.

आमची पद्धत अशी आहे. वर असताना दुसऱ्या बाजूच्या लिंकचा बोल्ट सोडून बाकी सगळे नट हाताने लावून ठेवायचे. मग गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी करायची, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसवायचा, गाडी पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन बसू द्यायचं. दुसऱ्या बाजूच्या लिंकचा बोल्ट शेवटी, तोही बोटाने आत गेला पाहिजे. पहार लावावी लागली तर लांबी चुकली आहे. मगच टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, आवळायचं. लिंकला रबराच्या चकत्या असतील तर रबर फुगून वॉशरच्या कडेइतकं झालं की थांबायचं. नायलॉन लॉकचे नट दरवेळी नवे. पीयू (पॉलियुरेथेन) बुशला सिलिकॉन ग्रीस, नाहीतर तो चिरकतो. साधं ग्रीस रबराला लावू नका, रबर फुगतं.

याला अर्धा दिवस जातो. "शेजारी तासाभरात बसवून देतात," असं कुणी म्हणालं तर आमचं उत्तर हेच की खाली उतरवून कसण्याचा वेळ आम्ही वाचवत नाही. घरी हवेत कसलेली गाडी आली की सगळं सैल करून, फाटलेलं रबर बदलून पुन्हा बसवावं लागतं. तेव्हा नव्या फिटिंगपेक्षा जास्त मजुरी पडते, ती आम्ही आधीच सांगतो.

बार मागवण्याआधी गाडी एकदा रॅम्पवर दाखवा. जुना बार हाताने धरून हलवला की क्लॅम्पचे बुश आणि लिंक गेलेत का ते लगेच कळतं. बऱ्याच गाड्यांना तेवढेच बदलून घाटात फरक पडतो, मग आम्ही नवा बार सुचवत नाही. खरंच हवा असेल तर तुमच्या टायर, शॉकअप आणि रस्त्यांप्रमाणे जाडी ठरवून देतो. बसवल्यावर 500 किलोमीटरनंतर गाडी परत आणा, सगळे नट आम्ही पुन्हा तपासतो, त्याचे पैसे घेत नाही. आणि जुना बार, क्लॅम्प, लिंक भंगारात देऊ नका. येताना सोबत आणा, नव्याची मापं त्यावरूनच घेतो.