तांदळाएवढी गोगलगाय आणि कार्डिफचे खण

नाशिकला समुद्र नाही. गोदावरीसुद्धा अरबी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते. रामकुंडाच्या आसपास पूजेच्या दुकानांत दिसतात ते शंख नि कवड्या. नवी म्हणून नोंदली जाणारी सागरी गोगलगाय मात्र पुष्कळदा तांदळाच्या दाण्याहून लहान असते. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटाजवळच्या 295 चौरस किलोमीटरच्या एका क्षेत्रात मृदुकाय, म्हणजे गोगलगाय-शिंपल्यांसारख्या, प्राण्यांच्या 2738 जाती मिळाल्याचे 2002 साली प्रसिद्ध झाले. त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश पूर्ण वाढूनही 4.1 मिलिमीटरच्या आतच होत्या.

अशी जात सापडणे फारसे अवघड नाही. तिला आधीच कोणी नाव दिलेले नाही, हे दाखवणे अवघड. प्राण्यांची नावे 1758 पासून, म्हणजे शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून धरतात. आपल्या किनाऱ्यापुरते पाहायचे तर मेल्व्हिल आणि ॲबरक्रॉम्बी यांनी 1893 मध्ये मुंबईच्या सागरी मृदुकायांवर लिहिले. पुढे टाउनसेंड यांनी समुद्रतळाशी तारायंत्राची तार टाकणाऱ्या जहाजावरून अरबी समुद्र आणि इराणच्या आखातातले शंख गोळा केले, त्यांतल्या कित्येक जातींना मेल्व्हिलनी नावे दिली. त्या काळी वर्णन म्हणजे बरेचदा लॅटिनच्या काही ओळी आणि छोटे चित्र. प्रमाण नमुना, म्हणजे एकच असला तर होलोटाइप आणि अनेक असले तर सिंटाइप, स्पष्ट नेमण्याची सक्ती 2000 साली आली. त्यामुळे कोकणातली गोगलगाय नवी ठरवायला आजही ब्रिटनमधल्या लंडन आणि कार्डिफच्या संग्रहालयांतले खण उघडावे लागतात; मेल्व्हिल-टॉमलिन संग्रह कार्डिफला आहे.

नासाडी होते ती मात्र त्याआधीच, नमुना बाटलीत घालताना. फॉर्मॅलिन हळूहळू आम्ल होते आणि चुन्याचा शंख खाते. टोकाची पहिली दीड-दोन वेटोळी, म्हणजे गर्भशंख, जातींची ओळख पटवायला सर्वांत कामाची. खरवडली गेली की नमुना जवळपास वाया. थेट अल्कोहोलात टाकली तर गोगलगाय शंखाचे झाकण घट्ट मिटून घेते, अल्कोहोल आत शिरत नाही, मांस सडते आणि डीएनए हाती लागत नाही. म्हणून तिला बधिर करायला आधी लिटरभर गोड्या पाण्यात 75 ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड विरघळवून ते तेवढ्याच समुद्राच्या पाण्यात मिसळायचे, आणि टोचले तरी अंग आत ओढेनाशी झाली की 95 टक्के इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल. नाशिकच्या मे महिन्यात बाटलीचे बूच सैल राहिले तर इथेनॉल पाण्याआधी उडते. पातळी उतरते, आणि तीव्रताही. चिठ्ठी पेन्सिलने लिहावी, बॉलपेनची शाई अल्कोहोलात धुऊन जाते.

जैवविविधता कायदा 2002 नुसार नव्या जातीची माहिती आणि नमुना नेमलेल्या संस्थेकडे द्यावा लागतो. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच आहे. राहिलेले कोरडे शंख लाकडी कपाटात ठेवू नयेत. लाकूड आणि पुठ्ठ्यातून सुटणाऱ्या ॲसिटिक आम्लाच्या वाफेने दमट हवेत शंखावर पांढरी भुकटी धरते. 1899 मध्ये बाइन यांनी तो जिवाणूंचा रोग समजला. ‘बाइनचा रोग’ हे नाव अजून चालते.