विमानाचा उतरण-मार्ग: सांबऱ्याची धावपट्टी आणि विमानवाहू नौका

जेट विमान ज्या शेवटच्या तिरप्या वाटेने जमिनीवर किंवा नौकेच्या डेकवर येते, तिला उतरण-मार्ग म्हणतात. वैमानिक तिला ‘अप्रोच’ म्हणतात. धावपट्टीसाठी या वाटेचा कोन साधारण ३ अंशांचा असतो. टेकण्याच्या जागेपासून ५ किलोमीटरवर असताना विमान सुमारे २६० मीटर उंच हवे, २ किलोमीटरवर सुमारे १०५ मीटर. ताशी २६० किलोमीटर वेगाने येणारे जेट या कोनात मिनिटाला सातशे ते साडेसातशे फूट उतरते. चाके टेकण्याचा क्षण सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण तो चांगला जाणार की वाईट हे या वाटेवर आधीच ठरलेले असते.

बेळगाव शहराच्या पूर्वेला, बागलकोट रस्त्यावर सांबरा विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या या तळावर आज हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि नागरी विमानतळ शेजारी शेजारी आहेत. नवी टर्मिनल इमारत २०१७ साली सुरू झाली आणि धावपट्टीची लांबी २,३०० मीटर झाली. पट्टी जवळपास पूर्व-पश्चिम आहे. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊन उतरवतात, म्हणून पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोरात असला की ते पूर्वेकडच्या शेतांवरून खाली येते.

सांबऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७५८ मीटर आहे आणि उतरणाऱ्या विमानाला तिचा हिशेब चुकवता येत नाही. वर हवा विरळ असते. वेगदर्शकावर काटा मुंबईला दाखवतो तोच वेग दाखवतो, पण हवेतला खरा वेग सुमारे चार टक्के जास्त असतो. एप्रिल-मेच्या उन्हात तो आणखी वाढतो. वेग चार टक्के वाढला की ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा आठ टक्के वाढते. पट्टी ओली असेल तर हा फरक आणखी जाणवतो, आणि बेळगावचा पाऊस कसा असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. स्टार एअरची एम्ब्राएर जेट विमाने इथे नियमित ये-जा करतात. त्यांच्या वैमानिकांना पट्टीची लांबी, तापमान, वारा आणि ओल यांचे गणित खाली येण्याआधीच मांडून ठेवावे लागते.

कोन बरोबर आहे की नाही हे डोळ्यांनी पाहण्यासाठी पट्टीच्या कडेला ‘पापी’ दिवे असतात, एका ओळीत चार. दोन पांढरे आणि दोन लाल दिसले तर वाट बरोबर. पांढरे वाढले तर विमान फार वर आहे, लाल वाढले तर फार खाली. चारही लाल दिसणे म्हणजे धोका. पट्टीच्या रेषेतल्या एखाद्या बांधावर उभे राहून पाहिले तर हे दिवे दिसलेच तर लालच दिसतील, कारण जमिनीवरचा माणूस त्या वाटेच्या कितीतरी खाली असतो. ढग खाली उतरलेले असतील तेव्हा रेडिओ लहरींवर चालणारी आयएलएस यंत्रणा हेच काम करते. तिचा एक झोत मधली रेषा दाखवतो, दुसरा उताराचा कोन. तिच्या साध्या प्रकारात पट्टीपासून २०० फूट उंचीपर्यंत खाली येऊनही पट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर उतरणे सोडून पुन्हा वर जायचे असते.

वर जाणे, म्हणजेच ‘गो-अराउंड’, हा उतरण-मार्गाचाच भाग आहे, आणि प्रवाशांनी त्याकडे वैमानिकाचे अपयश म्हणून पाहू नये. २२ मे २०१० रोजी मंगळुरूला एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान फार उंचावरून आणि फार वेगात आले, पट्टीवर बरेच पुढे जाऊन टेकले आणि पठाराच्या कडेवरून दरीत गेले. १५८ माणसे दगावली. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याचे सुचवले होते आणि विमानातली यंत्रेही इशारे देत होती, हे चौकशीत पुढे आले. वाट बिघडली असताना ती न सोडणे हेच त्या अपघाताचे मूळ होते.

विमानवाहू नौकेवर उतरताना पट्टीच पुढे चाललेली असते. उतरण्याची पट्टी नौकेच्या रोखाशी काही अंशांनी डावीकडे वळवलेली असते, त्यामुळे नौका पुढे सरकली की वैमानिकाला डेकची मधली रेषा सतत उजवीकडे सरकताना दिसते. लाटांवर डेक वरखाली होतो आणि नौकेच्या मनोऱ्यामागे हवा ढवळलेली असते. उताराचा कोन साधारण साडेतीन अंश. डेकवरची भिंगांची दिवे-यंत्रणा कोन दाखवते: दोन्ही बाजूंच्या स्थिर हिरव्या दिव्यांच्या रेषेत मधला पिवळसर ठिपका ठेवायचा. तो वर गेला तर विमान वर, खाली गेला तर विमान खाली. डेकवर उभा असलेला लँडिंग सिग्नल ऑफिसर, हाही वैमानिकच, प्रत्येक विमानावर नजर ठेवतो आणि चुकत असेल तर परत पाठवतो.

हवाई तळावरच्या सवयी इथे मोडाव्या लागतात. धावपट्टीवर शेवटच्या काही मीटरवर नाक हलकेच वर घेऊन विमान अलगद टेकवतात. नौकेवर तसे केले तर विमान तरंगत पुढे जाईल आणि शेपटीचा हुक डेकवर आडव्या ताणलेल्या, विमान अडवणाऱ्या तारांच्या पलीकडे पडेल. म्हणून कोन शेवटपर्यंत तोच ठेवायचा आणि खाली येण्याचा वेग सेकंदाला तीन-चार मीटर ठेवून डेकवर आदळायचे. या कमी वेगात नाक वर ओढले तर हवेचा अडसर वाढून विमान उलट खाली बसते, म्हणून नाकाचा कोन स्थिर ठेवून उंची थ्रॉटलने, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्याने, सांभाळतात. चाके टेकताच थ्रॉटल मागे न घेता पूर्ण पुढे ढकलतात. हुकाने तार पकडली तर विमान सुमारे ९० मीटरमध्ये, दोन-अडीच सेकंदांत थांबते. तार चुकली तर इंजिन पूर्ण जोरात असल्यामुळे ते डेकवरून पुन्हा उडू शकते. या हुकलेल्या फेरीला ‘बोल्टर’ म्हणतात.

जेट विमान नौकेवर पहिल्यांदा उतरवले ते ब्रिटिश नौदलाच्या एरिक ब्राउन यांनी, ३ डिसेंबर १९४५ रोजी. भारतात पहिल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवर सी हॉक जेट उतरवण्याचा मान १९६१ च्या मे महिन्यात आर. एच. तहिलियानी यांना मिळाला. ते पुढे नौदलप्रमुख झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, गोवा मुक्तीच्या वेळी, ‘विक्रांत’ गोव्याच्या किनाऱ्यापुढे समुद्रात होती आणि हवाई दलाच्या हंटर विमानांनी सांबऱ्याहून झेप घेऊन बांबोळीच्या वायरलेस केंद्रावर हल्ला केला. कामगिरी उरकून हंटर याच पठारावर उतरली.

सांबऱ्यापासून सह्याद्रीपलीकडे हवाई अंतराने सुमारे १०० किलोमीटरवर दाबोळीचा ‘आयएनएस हंसा’ तळ आहे. तिथे जमिनीवरच नौकेच्या डेकसारखी, उड्डाणासाठीची चढण आणि अडवणाऱ्या तारा बसवल्या आहेत. १३ सप्टेंबर २०१९ रोजी नौदलाच्या तेजसने इथे पहिल्यांदा तार पकडली. ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते विमान ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू नौकेवर उतरवले. नव्या ‘विक्रांत’वर तेजस आणि मिग-२९के फेब्रुवारी २०२३ मध्ये उतरली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात मिग-२९के तिथे पहिल्यांदा रात्री उतरले. रात्री क्षितिज दिसत नाही, त्यामुळे दिवे आणि यंत्रे यांवरच भिस्त असते. एप्रिल २०२५ मध्ये भारताने नौदलासाठी २६ राफेल विमानांचा करार केला. त्यांतली दोन आसनांची चार विमाने नौकेवर उतरण्यासाठी नाहीत, त्यांवरचे प्रशिक्षण जमिनीवरच्या धावपट्ट्यांवर व्हायचे आहे.