घर तपासणी आणि स्ट्रक्चरल ऑडिट: व्यवसायात उतरण्याआधी फरक समजून घ्या

घर तपासणीचा व्यवसाय सुरू करायचा विचार कुणी बोलून दाखवला, की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटच ना?" ग्राहकही हेच धरून चालतात. काही व्यावसायिक तर जाहिरातीत दोन्ही शब्द शेजारी-शेजारी छापून मोकळे होतात. मला हे धोक्याचं वाटतं. काम कोण करू शकतो, ते कशाने करतो आणि खाली सही केल्यावर कोणती जबाबदारी अंगावर येते, या तिन्ही बाबतींत ही कामं वेगळी आहेत. ज्याला हा फरक ग्राहकाला सोप्या शब्दांत सांगता येत नाही, त्याने पहिलं काम घेण्याची घाई करू नये.

घर तपासणी म्हणजे एका घराची, त्या दिवशी डोळ्यांना दिसेल आणि हात पोहोचेल तेवढ्या भागाची पाहणी. भिंत फोडायची नाही, टाइल उचकटायची नाही, मालकाचं कपाट सरकवायचं नाही. त्या बदल्यात पसारा मोठा असतो. गिलावा, फरशी, दारं-खिडक्या, नळाचा दाब, सांडपाण्याचा निचरा, बाथरूमचा उतार, वायरिंग, अर्थिंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सगळं एकाच फेरीत बघायचं. मध्यम आकाराच्या घराला दोन-चार तास लागतात आणि फोटोंसह अहवाल एक-दोन दिवसांत हातात द्यावा लागतो, कारण ग्राहक बहुधा व्यवहाराच्या तोंडावर उभा असतो.

स्ट्रक्चरल ऑडिटचा प्रश्न एकच असतो: इमारतीचा सांगाडा भार नीट पेलतोय का, आणि पुढेही पेलेल का? पाया, कॉलम, बीम, स्लॅब यांपलीकडे तो सहसा जात नाही. नळ गळतो का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ते पाणी सळईपर्यंत पोहोचतंय का, याच्याशी मात्र आहे. हे काम स्थापत्य अभियंत्याचं, त्यातही स्ट्रक्चरचा अनुभव असलेल्याचं. परवाना किंवा नोंदणीचे नियम जागोजागी वेगळे असतात, पण अभियंता नसलेल्याने असा अहवाल देणं कुठेच योग्य नाही.

हत्यारं पाहिली की फरक लगेच डोळ्यांत भरतो. घर तपासणाऱ्याच्या पिशवीत टॉर्च, लेव्हल, मॉइश्चर मीटर, सॉकेट टेस्टर, फरशी ठोकायची काठी आणि बजेट असेल तर थर्मल कॅमेरा असतो. या कॅमेऱ्याबद्दल नव्या लोकांचा फार गैरसमज असतो. त्याला ओल दिसत नाही. त्याला फक्त पृष्ठभागाचं तापमान दिसतं. ओली भिंत बाष्पीभवनामुळे थंड पडते म्हणून ती पडद्यावर वेगळी उमटते, पण एसीच्या झोतासमोरची कोरडी भिंतही तशीच उमटू शकते. म्हणून कॅमेऱ्याने संशय घ्यायचा आणि मॉइश्चर मीटरने खात्री करायची. सॉकेट टेस्टरचंही तसंच आहे. न्यूट्रल आणि अर्थ यांची अदलाबदल झाली असेल, तर साध्या टेस्टरवर सगळं ठीकच दिसतं.

ऑडिटसाठी रिबाउंड हॅमर, म्हणजे काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारा हातोडा लागतो. त्यातून कळतो तो मुख्यतः काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा, म्हणून अभियंता एकट्या त्या आकड्यावर विसंबत नाही. जोडीला अल्ट्रासोनिक चाचणी असते: ध्वनिलहर काँक्रीटमधून सेकंदाला 4.5 किलोमीटरपेक्षा वेगाने गेली तर दर्जा उत्तम, 3 किलोमीटरच्या खाली गेली तर शंकास्पद. फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन शिंपडून कार्बोनेशन, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटचा अल्कलीपणा जाणं, तपासतात. निरोगी काँक्रीट गुलाबी होतं, अल्कलीपणा गमावलेलं रंगहीनच राहतं. अर्ध-सेल चाचणीतून सळई गंजत असण्याची शक्यता समजते. गरज पडली तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा नळकांड्यासारखा नमुना, कापून प्रयोगशाळेत दाबून बघतात. यातल्या काही चाचण्यांसाठी गिलावा काढावा लागतो, छिद्रं पाडावी लागतात. घर अजून विकत न घेतलेल्या ग्राहकाच्या सांगण्यावरून असं काही करताच येणार नाही.

आता खरी कसोटी बघा. स्वयंपाकघरातल्या बीमच्या तळाला लांबीच्या दिशेने एक चीर गेली आहे. कडेला तपकिरी ओघळ. ठोकलं तर बद्द आवाज येतो. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, आतून दाब येतो आणि काँक्रीटचं कव्हर, म्हणजे सळईवरचा थर, सळईच्या रेषेत फाटतं. हे तुम्हाला ठाऊक असलंच पाहिजे. नाहीतर तुम्ही त्या चिरेला "रंगाचे पोपडे" म्हणून पुढे जाल. पण अहवालात "बीम कमकुवत झाला आहे" असं लिहायचं नाही, आणि ग्राहक घाबरेल म्हणून "किरकोळ भेग" असंही लिहायचं नाही. लिहायचं ते असं: "स्वयंपाकघरातील बीमच्या तळाला लांबीच्या दिशेने सुमारे 60 सेंमी चीर, कडेला गंजासारखे डाग, ठोकल्यावर पोकळ आवाज. व्यवहार पूर्ण करण्यापूर्वी स्ट्रक्चरल अभियंत्याकडून तपासून घ्यावे." सोबत एक फोटो जवळून काढलेला, पट्टी लावून; दुसरा लांबून, जागा कळेल असा.

उलट, कॉलम आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावरची बारीक उभी भेग बहुतेक वेळा दोन साहित्यांच्या वेगळ्या आकुंचनामुळे येते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, एका टोकाला रुंद होत गेलेली भेग पाया खचल्याची खूण असू शकते. प्रत्येक भेगेला ऑडिट सुचवत सुटलात तर अहवालाचा उपयोगच उरत नाही. कोणती भेग पुढे पाठवायची हे ओळखणं, यातच या धंद्याचं कसब आहे.

याच सीमेवर तुमचा करारही उभा असतो. काय तपासलं जाईल, काय जाणार नाही, बंद खोली किंवा न उघडलेलं डक्ट असेल तर ते अहवालात कसं नोंदवलं जाईल, हे कामाआधी लिहून सही घ्या. व्यावसायिक जबाबदारीचा विमा उतरवताना सांगाड्याच्या मजबुतीवर दिलेलं मत त्यात धरलं आहे की वगळलं आहे, तेही वाचा. आणि तपासलेल्या घराच्या दुरुस्तीचं कंत्राट स्वतः घेऊ नका, एजंटकडून कमिशनही नको. दोष दाखवणाऱ्यालाच दुरुस्तीचे पैसे मिळणार असतील, तर त्याच्या अहवालावर कुणी का विश्वास ठेवावा?

तुम्ही स्वतः अनुभवी स्ट्रक्चरल अभियंता असाल तर दोन्ही सेवा देता येतील, पण करार, शुल्क आणि अहवाल वेगवेगळे ठेवा. नसाल, तर सुरुवातीलाच दोन-तीन चांगल्या अभियंत्यांची ओळख करून घ्या आणि ग्राहकाला सगळ्यांचीच नावं द्या, निवड त्याची. तुम्ही सुचवलेलं ऑडिट झालं, की त्या अहवालाची प्रत ग्राहकाकडून आवर्जून मागा आणि आपल्या नोंदींशी एकेक मुद्दा ताडून बघा. कुठली भेग तुम्ही उगाच मोठी केली आणि कुठली नजरेतून सुटली, हे त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही प्रशिक्षण वर्गात कळत नाही.