पार्श्वभूमी : पोटातील महाधमनीचा फुगवटा, ज्येष्ठांची तपासणी आणि 100 सिगारेटींची अट

पोटातील महाधमनीच्या (हृदयातून रक्त नेणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) फुगवट्याचा, म्हणजे अ‍ॅब्डॉमिनल अ‍ॅओर्टिक अ‍ॅन्युरिझमचा धोका कोणाला जास्त, असे विचारले तर आज कोणताही डॉक्टर चार गोष्टी सांगतो: वय 65 च्या पुढे, पुरुष, धूम्रपान आणि जवळच्या नातेवाइकाला हाच आजार. ही यादी आता सर्वमान्य आहे. मात्र यातल्या कोणत्या घटकाला किती वजन द्यायचे आणि त्या आधारावर कोणाची सोनोग्राफी सरकारी किंवा विम्याच्या खर्चाने करायची, हे ठरले ते अगदी अलीकडे, आणि ज्या निर्णयातून ते ठरले तो अजूनही वादातीत झालेला नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत महाधमनीचा फुगवटा म्हटले की डॉक्टरांच्या मनात पहिल्यांदा उपदंश (सिफिलिस) येई. तो फुगवटा बहुधा छातीतल्या भागात असे. पेनिसिलिननंतर तो मागे पडला आणि वृद्धांच्या पोटातले फुगवटे ठळकपणे दिसू लागले. धमन्यांच्या भिंतींत चरबीचे थर साचल्याचा हा परिणाम आहे, असे मानून पुढची काही दशके सगळ्यांवर धमनीकाठिण्याचा शिक्का बसत गेला. 1951 मध्ये पॅरिसमध्ये फुगलेला भाग काढून दात्याच्या धमनीचा तुकडा बसवण्यात आला आणि शस्त्रक्रियेची वाट मोकळी झाली. कारणांचा शोध मात्र त्या मानाने रेंगाळला. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये उपदंशाशी संबंध नसलेल्या फुगवट्याने होणारे मृत्यू जास्त असल्याचे दिसले होते, पण तेव्हा सगळ्यांचे लक्ष फुप्फुसाच्या कर्करोगाकडे होते.

धमनीकाठिण्याचा सिद्धान्त सर्वांत जास्त डळमळला तो मधुमेहामुळे. मधुमेहाने हृदयाच्या धमन्या बिघडण्याचा धोका वाढतो, त्यामुळे मधुमेहींत हा फुगवटाही जास्त सापडायला हवा होता. प्रत्यक्षात तो कमी सापडतो, आणि हे निरीक्षण वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा टिकले आहे. उच्च रक्तदाबाचा फुगवटा तयार होण्याशी असलेला संबंधही अपेक्षेपेक्षा सौम्य निघाला. धूम्रपानाचे नेमके उलट झाले. हृदयविकाराशी त्याचे जे नाते आहे, त्याहून घट्ट नाते या फुगवट्याशी आहे. धमनीच्या भिंतीला ताण सोसायला मदत करणारे लवचीक तंतू विकरांमुळे झिजतात आणि धुरामुळे ही झीज वाढते, असे चित्र त्यातून पुढे आले.

1990 च्या दशकात अमेरिकेतल्या 50 ते 79 वयाच्या माजी सैनिकांची सोनोग्राफी करणारा एक विस्तृत अभ्यास झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यातच 73,000 हून अधिक लोक होते. 4 सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या फुगवट्याचा धोका धूम्रपान केलेल्यांमध्ये सुमारे पाचपट आढळला, आणि अशा फुगवट्यांपैकी साधारण तीन चतुर्थांशांचे खापर धूम्रपानावर फोडता येईल असा हिशेब निघाला. घरात कोणाला हा आजार असल्यास धोका जवळपास दुप्पट होता. या अभ्यासाने धूम्रपान केलेला माणूस कोणाला म्हणायचे, याचे माप आयुष्यात एकूण 100 हून अधिक सिगारेटी असे धरले होते. पुढच्या सगळ्या गुंत्यात हेच माप पुन्हा पुन्हा भेटते.

दरम्यान इंग्लंडमध्ये दोन, डेन्मार्कमध्ये एक आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात एक अशा, तपासणीला बोलावल्याने मृत्यू टळतात का हे पाहणाऱ्या चार मोठ्या चाचण्या झाल्या. सर्वांत मोठ्या इंग्रज चाचणीत 65 ते 74 वयाचे सुमारे 67,800 पुरुष होते. ज्यांना तपासणीला बोलावले त्यांच्यात चार वर्षांत फुगवट्यामुळे होणारे मृत्यू 42 टक्क्यांनी कमी झाले, असा निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. निवड वयावरून आणि लिंगावरून झाली होती, सिगारेटीवरून नव्हे.

तरीही 2005 मध्ये अमेरिकेतल्या प्रतिबंधक तपासण्यांविषयी शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञमंडळाने 65 ते 75 वयाच्या, कधीतरी धूम्रपान केलेल्या पुरुषांची एकदा सोनोग्राफी करावी, असा निर्णय दिला. कधीही धूम्रपान न केलेल्या पुरुषांबाबत बाजूने किंवा विरोधात काहीच सांगितले नाही, आणि स्त्रियांची सरसकट तपासणी करू नये, असे स्पष्ट म्हटले. चाचण्यांनी न लावलेली अट अशा रीतीने गणिताने लावली गेली. त्यामागचा तर्क चुकीचा नव्हता: जिथे फुगवटे जास्त सापडतात तिथे तपासणी करावी, म्हणजे निष्कारण शस्त्रक्रिया आणि निष्कारण भीती टळते. पण कारण म्हणून सिद्ध झालेल्या घटकाला प्रवेशाची अट बनवताना जी काळजी घ्यायला हवी होती, ती इथे पुरेशी घेतली गेली नाही, असे माझे मत आहे.

100 सिगारेटी म्हणजे 20 ची 5 पाकिटे. महाविद्यालयाच्या एका वर्षात एवढी ओढून कायमची सोडलेला पुरुष वयाच्या 65 व्या वर्षी तपासणीस पात्र ठरतो, आणि 40 वर्षे रोज एक पाकीट ओढलेली स्त्री ठरत नाही. सोडल्यानंतर धोका हळूहळू, दशकांच्या हिशेबाने उतरतो, हेही या मापात कुठे दिसत नाही. शिवाय प्रश्न सिगारेटीचा आहे. अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलेल्या आपल्याकडच्या ज्येष्ठांना फॉर्मवर हा प्रश्न आला, तर आयुष्यभर बिडी ओढलेला माणूसही प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहील. बरोबर असणाऱ्या मुलाने किंवा सुनेने तिथे बिडीचा उल्लेख आवर्जून करावा.

2007 पासून अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने ही तपासणी खर्चात घेतली, तेव्हा कायद्याने 100 सिगारेटी ओढलेल्या 65 ते 75 वयाच्या पुरुषांबरोबरच घरात हा आजार असलेल्या कोणालाही, म्हणजे स्त्रियांनाही, पात्र ठरवले. एकाच देशात तज्ज्ञ ‘नको’ म्हणत होते आणि विमा पैसे देत होता.

स्त्रियांबाबतच्या नकाराचा आधार किती तोकडा होता, ते इथे सांगायलाच हवे. चार चाचण्यांपैकी इंग्लंडमधल्या एकाच चाचणीत स्त्रिया होत्या, 65 ते 80 वयाच्या सुमारे 9,300. त्यांच्यात फुगवट्याचे प्रमाण 1.3 टक्के, तर पुरुषांत 7.6 टक्के आढळले, आणि तपासणीचा फायदा दिसला नाही. पण स्त्रियांत फुगवटा आढळण्याचे प्रमाण कमी असले, तरी तो असलेल्या स्त्रीची जोखीम कमी नसते. त्याच आकाराचा फुगवटा स्त्रियांत फुटण्याचा धोका पुरुषांच्या सुमारे तिप्पट असल्याचे 1990 च्या दशकातल्या इंग्रज अभ्यासातून दिसले होते, आणि म्हणूनच शस्त्रक्रियेचा उंबरठा पुरुषांसाठी 5.5 तर स्त्रियांसाठी अनेक ठिकाणी 5 सेंटिमीटर मानला जातो. 2014 मध्ये अमेरिकन मंडळाने धूम्रपान केलेल्या स्त्रियांबाबतचा नकार मागे घेऊन पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. 2019 मध्ये घरात हा आजार असलेल्या स्त्रियाही त्या गटात आल्या. धूम्रपान न केलेल्या आणि घरात हा आजार नसलेल्या स्त्रियांसाठीचा नकार कायम राहिला. ब्रिटनमध्ये 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणिती अभ्यासाने स्त्रियांची सरसकट तपासणी खर्चाच्या मानाने परवडणारी नसल्याचा निष्कर्ष काढला.

इंग्लंडने सिगारेटीची अट ठेवलीच नाही. 2009 पासून टप्प्याटप्प्याने सुरू होऊन 2013 मध्ये देशभर पोहोचलेल्या कार्यक्रमात 65 वर्षांचा होणारा प्रत्येक पुरुष बोलावला जातो. स्वीडननेही 2006 मध्ये एका भागापासून सुरुवात करून हाच मार्ग धरला.

आणि तिथेच मूळ आकडे बदलले. स्वीडनमध्ये 65 वर्षांच्या पुरुषांत 4 ते 5 टक्के फुगवटे सापडतील असे धरले होते. 2011 च्या सुमारास ते 1.7 टक्के निघाले, आणि इंग्लंडच्या कार्यक्रमातही प्रमाण घसरत जाऊन 1 टक्क्याच्या आसपास आले. धूम्रपान कमी झाल्याचा हा थेट परिणाम मानला जातो. 2018 मध्ये स्वीडनमधल्याच एका अभ्यासाने दाखवले की 65 ते 74 वयाच्या पुरुषांतील या आजाराचे मृत्यू सहस्रकाच्या सुरुवातीच्या दर लाख 36 वरून 2015 पर्यंत 10 वर आले, आणि ही घट तपासणी सुरू न झालेल्या भागांतही जवळपास तेवढीच होती. तपासणीला बोलावलेल्या दर 10,000 पुरुषांमागे 2 मृत्यू टळतात, तर 49 जणांना कधीही त्रास न देणारा फुगवटा सापडतो, असा त्यांचा अंदाज आहे. ज्या चाचण्यांच्या बळावर हे सारे कार्यक्रम उभे राहिले, त्यांतल्या पुरुषांनी सिगारेटीच्या भर काळात तारुण्य घालवले होते. आज 65 च्या उंबरठ्यावर असलेली पिढी तशी नाही, त्यामुळे सर्वांना बोलावणाऱ्या देशांतही आता धूम्रपान आणि घरातला इतिहास पाहूनच तपासणी करावी का, हा प्रश्न पुन्हा उघडला आहे.