होमस्टेडिंग: सरकारी जमिनीपासून परसातल्या खतखड्ड्यापर्यंत

होमस्टेडिंग म्हटलं की आज भाजीचे चार वाफे, थोड्या कोंबड्या, खताचा ढीग आणि फडताळात ओळीने मांडलेल्या बरण्या डोळ्यांसमोर येतात. या चित्राला 'स्वावलंबन' म्हणायची पद्धत आहे. इतिहास पाहिला तर यातली एकही गोष्ट एकट्याच्या बळावर उभी राहिलेली नाही.

सुरुवात जमिनीपासूनच. शब्द जुना असला तरी तो घरोघरी पोचवला अमेरिकेतल्या एका कायद्याने. २० मे १८६२ रोजी अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड अ‍ॅक्टवर सही केली. वयाची २१ वर्षं पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या आणि अमेरिकी सरकारविरुद्ध शस्त्र न उचललेल्या माणसाला १६० एकर जमीन मिळू लागली. एकट्या स्त्रियांनाही तो हक्क होता. शुल्क सगळं मिळून १८ डॉलरच्या आसपास. पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं आणि जमीन कसायची, एवढ्याच अटी. या आणि पुढच्या अशाच कायद्यांखाली सुमारे १६ लाख दावे मंजूर झाले, २७ कोटी एकर जमीन वाटली गेली. म्हणजे देशाचा जवळजवळ दहावा हिस्सा. ही 'सरकारी' जमीन मूळ रहिवासी जमातींची होती. कधी करार करून, कधी केलेले करार मोडून, तर कधी सरळ सैन्य पाठवून ती घेतलेली होती. 'फुकट जमीन' या शब्दांत हे सगळं झाकलं जातं.

१६० एकरांचा आकडा ठरला तो पूर्वेकडच्या भरवशाच्या पावसाच्या हिशेबाने. शंभराव्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला बहुतेक ठिकाणी वर्षाला २० इंचसुद्धा पाऊस पडत नाही. तिथे बिनपाण्याचे १६० एकर म्हणजे पिकासाठी बेभरवशाचे आणि गुरांना चरायला अपुरे. भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८च्या अहवालात बजावलं होतं की पाणी असेल तिथे ८० एकर पुरतील, पण चराईसाठी २,५६० एकर लागतील. ते कुणी मनावर घेतलं नाही. १९०९ साली मर्यादा वाढवून ३२० एकर केली गेली, तीही तोकडीच. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला, तसा गवताळ माळ उभा-आडवा नांगरला गेला. त्या माळाची माती गवताच्या मुळांनीच धरून ठेवली होती. १९३०च्या दशकात पाऊस हटला आणि ती उघडी माती वाऱ्याने उचलली. कायदा रद्द व्हायला मात्र १९७६ उजाडलं. अलास्कात तर तो आणखी दहा वर्षं चालला.

तोवर आपलं अन्न आपण पिकवायचं ही कल्पना माळरान सोडून घराच्या मागच्या अंगणात आली होती. दोन्ही महायुद्धांत सरकारनेच त्यासाठी प्रचार केला. दुसऱ्या युद्धाच्या ऐन काळात अमेरिकेत दोन कोटींच्या घरात 'व्हिक्टरी गार्डन' होत्या. बाग केली की एक अडचण हमखास येते: सगळ्या शेंगा आणि टोमॅटो एकाच पंधरवड्यात तयार होतात. म्हणून बागेइतकीच बरणी महत्त्वाची.

हवाबंद बाटल्यांत अन्न उकळून टिकवण्याची रीत फ्रान्सच्या निकोला अपेरने शोधली आणि १८१० साली सरकारकडून १२,००० फ्रँक मिळवले. ते अन्न का टिकतं हे त्यालाही ठाऊक नव्हतं. ते पाश्चरनंतर कळलं. घराघरात बरणी गेली ती जॉन मेसनमुळे. काचेच्या तोंडावर आटे पाडून झाकण घट्ट फिरवायची त्याची युक्ती १८५८च्या पेटंटमधली. पण नुसतं उकळून सगळं टिकत नाही. बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू १०० अंशांना मरत नाहीत, आणि हवा नसलेली बरणी ही त्यांना वाढायला सोयीची जागा. वास, रंग बिघडला नसतानाही अन्न विषारी असू शकतं. ४.६पेक्षा कमी सामू (आंबटपणा मोजणारा pH) असलेल्या आंबट पदार्थांत ते वाढत नाहीत. शेंगा, मका, मांस यांना मात्र दाबाखालीच शिजवावं लागतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९१७ साली हे स्पष्ट सांगितलं, तरी तासन्‌तास उकळण्याची जुनी सवय पुढेही बरीच वर्षं टिकली.

आजचा हिशेब असा. हिरव्या शेंगांच्या अर्ध्या लिटरच्या आसपासच्या (पाइंट) बरणीला प्रेशर कॅनरमध्ये (दाबाने बरण्या शिजवायच्या भांड्यात) वजनाच्या शिट्टीवर चौरस इंचाला १० पौंड दाबाने २० मिनिटं, एक लिटरच्या आसपासच्या (क्वार्ट) बरणीला २५. समुद्रसपाटीपासून १,००० फुटांच्या वर १५ पौंड. दाब धरण्याआधी १० मिनिटं वाफ मोकळी सोडायची. आत हवा अडकली तर काटा बरोबर दाब दाखवतो, पण तापमान कमीच राहतं. टोमॅटो ४.६ सामूच्या बरोबर सीमेवर असतो, म्हणून क्वार्टला दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबूरस घालायचा. ताज्या लिंबाची आंबटाई प्रत्येक फळाला वेगळी, तिच्यावर विसंबता येत नाही.

जगभरच्या परसात दिसणाऱ्या खताच्या ढिगाचा धागा तर थेट इंदूरला पोचतो. १९२४ साली तिथे सुरू झालेल्या संशोधन संस्थेत ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्टची पद्धत बसवली आणि १९३१ साली पुस्तकरूपाने मांडली. ३० फूट लांब, १४ फूट रुंद, २ फूट खोल खड्डा. त्यात पालापाचोळा व काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर. पऱ्हाट्या आणि तुरीच्या काड्या अख्ख्या कुजत नाहीत, म्हणून त्या रस्त्यावर अंथरायच्या, गाड्यांच्या चाकांखाली चुरडल्या की उचलायच्या. खड्डा भरल्यापासून पंधरा-सोळा दिवसांनी, एक महिन्याने आणि दोन महिन्यांनी ढीग पालटायचा. तीन महिन्यांत खत तयार. हॉवर्ड यांचं लिखाण वाचूनच जेरोम रोडेल यांनी १९४२ साली अमेरिकेत सेंद्रिय शेतीचं मासिक काढलं, आणि त्यातून पद्धत घरगुती बागांत उतरली.

घरच्या ढिगाला वेगळे नियम नाहीत, फक्त आकार राखावा लागतो. लांबी, रुंदी, उंची तीन-तीन फुटांपेक्षा कमी झाली की ऊब टिकत नाही. मधे ५५ ते ६५ अंश हवेत. ढीग तापतच नसेल तर बहुधा तो कोरडा आहे किंवा हिरवा माल (ताजा पाला, भाजीचा कचरा) कमी पडलाय. अमोनियाचा दर्प आला तर उलट, हिरवं जास्त झालंय. सुका पाला मिसळा. कुजका वास येतो तो हवा कोंडल्यामुळे. ओल किती? मूठभर माल पिळला तर एखादा थेंबच पडावा.

१९३२ साली हेलन आणि स्कॉट निअरिंग हे अमेरिकी जोडपं शहर सोडून व्हर्माँटच्या डोंगरात शेती करायला गेलं, आणि १९७०च्या आसपास तरुणांची अख्खी लाट त्यांच्या मागून निघाली. निअरिंगसुद्धा मेपलच्या झाडांचा पाक विकून रोकड उभी करत. कर भरायला, अवजारांना पैसा लागायचाच. आजही तेच. बरणी वर्षानुवर्षं चालते, पण तिच्या झाकणाची चपटी चकती एकदाच वापरायची असते. कडेचा मऊ लेप दाबला गेला की पुन्हा नीट बसत नाही. ती दर हंगामाला विकतच आणावी लागते.