मायर आडनाव आलं कुठून: कारभारी, शेत आणि मग घराणं

जर्मनीत मायर आडनावाची माणसं पावलोपावली भेटतात. म्युलर, श्मिट यांच्याच पंगतीतलं अगदी कॉमन नाव, त्यामुळे बहुतेक लोक त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मला मात्र वाटतं की जर्मन खेड्याचा हजार वर्षांचा इतिहास एका आडनावातून समजून घ्यायचा असेल तर याच्यासारखं दुसरं नाव नाही. कारण मायर हा आधी हुद्दा होता, मग ते नाव शेताला चिकटलं आणि माणसाच्या मागे कायमचं लागलं ते बऱ्याच उशिरा.

मूळ शब्द लॅटिन, मायोर, म्हणजे थोरला. आजच्या फ्रान्स-जर्मनीवर राज्य करणाऱ्या फ्रँक राजांच्या दरबारात मायोर दोमुस नावाचा राजवाड्याचा मुख्य कारभारी असायचा आणि हळूहळू सगळी सत्ता त्याच्याच हातात गेली, इतकी की 751 मध्ये पिपिन नावाच्या कारभाऱ्याने राजालाच बाजूला सारलं आणि स्वतः गादीवर बसला, पुढे सम्राट झालेल्या शार्लमेनचा बाप तो. शहराचा मेयर हा शब्दही याच मुळातला.

खेड्यातला मायर एवढा मोठा नव्हता, पण त्याचा वचक तसाच. जमीन मठाची, बिशपची नाहीतर सरदाराची, आणि मालक काय रोज तिथे नसायचा. मग मालकाच्या मुख्य शेतवाड्यावर हा मायर बसायचा, आसपासच्या कुळांकडून धान्य, कोंबड्या, अंडी, डुकरं वसूल करायचा, कोणी वेठीचे किती दिवस भरले ते बघायचा, भांडणतंटे मिटवायचा. आपल्याकडे पाटील, देशमुख ही कामाची नावं आडनावं झाली तसंच काहीसं. पुढे व्हायचं तेच झालं, हे कारभारी शिरजोर झाले, वसुलीतला वाटा स्वतःच ठेवायला लागले, हुद्दा मुलाकडे द्यायला लागले. 12व्या-13व्या शतकात बऱ्याच मालकांनी मग ही पद्धतच मोडीत काढली आणि जमिनी ठरलेल्या खंडाने कसायला दिल्या. मायर आता कारभारी राहिला नाही, गावातला मोठा शेतकरी झाला. हॅनोव्हरच्या आसपासच्या लोअर सॅक्सनीत तर असं मोठं शेत खंडाने कसणाऱ्याला सरसकट मायरच म्हणायचे आणि त्या कुळहक्काला मायररेश्ट. आजही मायर या भागात एवढे का, त्याचं मोठं कारण हे.

जर्मनीच्या वायव्येकडच्या वेस्टफालियातल्या एंगर गावाजवळ जाटेलमायर म्हणून काही जुनी मोठी शेतं आहेत, त्यांचा मान बघा. शार्लमेनशी लढलेला सॅक्सन सरदार विडुकिंड, ज्याने 785 मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्याची समाधी एंगरच्या चर्चमध्ये आहे असं मानतात, आणि हे शेतकरी म्हणजे त्याच्या खास माणसांचे वंशज अशी दंतकथा आहे. जाटेल म्हणजे खोगीर. धन्याला लढाईसाठी खोगीर चढवलेला घोडा पुरवायची जबाबदारी यांची असायची. असा मायर वारला की त्याच्या शवपेटीमागून खोगीर घातलेला रिकामा घोडा चालवत न्यायचे. दंतकथा किती खरी ते सोडा, पण राजघराण्यात शोभावा असा मान एका शेतकऱ्याला मिळत होता ही गोष्टच मला फार मोठी वाटते.

आता सगळ्यात इंटरेस्टिंग भाग. वेस्टफालियात आणि आसपासच्या बऱ्याच भागांत नाव रक्ताने नाही, शेताने मिळायचं. शेताची वाटणी करायची नाही, सगळं एकाच वारसाला, हा नियम. वारस मुलगी असली की जावई शेतावर राहायला यायचा आणि त्या शेताचं नाव लावायचा, त्याचं जुनं नाव मागे पडायचं, मुलंही शेताच्याच नावाने ओळखली जायची. त्यामुळे कागदावर तेच मायर घराणं 300 वर्षं दिसतं पण रक्ताची लाइन मध्ये दोनतीनदा बदललेली असते. चर्चच्या नोंदीत अशा माणसापुढे "अमुक, उर्फ मायर" असं लिहिलेलं सापडतं. 19व्या शतकात हे बंद होत गेलं, प्रशिया या मोठ्या जर्मन राज्याने 1822 मध्ये सरकारी परवानगीशिवाय आडनाव बदलायला मनाई केली.

गावात पाचसहा मायर झाले की ओळखायचं कसं, म्हणून जोडनावं आली. नवीन शेतावरचा तो नीमायर किंवा नॉयमायर, वरच्या अंगाचा ओबरमायर, खालचा नीडरमायर, ओढ्याकाठचा बाखमायर. पिढ्यानपिढ्या कुठे राहत होतो याचा पत्ताच नावात.

पण प्रत्येक मायर शेतकऱ्यांतला नाही. ज्यूंमध्ये मेइर हे हिब्रू पहिलं नाव आधीपासून होतं, अर्थ प्रकाश देणारा. रोथेनबुर्गचे रब्बी मेइर हे 13व्या शतकातले मोठे धर्मपंडित, राजाच्या कैदेत 1293 मध्ये वारले, आणि खंडणी भरून त्यांचा देह सोडवायला 14 वर्षं लागली, वोर्म्सच्या ज्यू दफनभूमीत त्यांची कबर आहे. ज्यूंना कायमचं आडनाव घ्यायची सक्ती नंतर आली, ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राज्यात 1787, नेपोलियनच्या राज्यात 1808, प्रशियात 1812. ज्याच्या घरात बापाचं नाव मेइर होतं त्यातल्या अनेकांनी मायरच घेतलं. शेजाऱ्यांसारखं ऐकू येणारं नाव, शिवाय बापाचं नावही राहतं, किती विचार करून घेतलेलं नाव आहे हे.

म्हणजे आडनावावरून माणूस ख्रिश्चन की ज्यू ते सांगता येईना. नाझींना हेच खुपत होतं. 1938 मध्ये त्यांनी हुकूम काढला की ज्यांचं पहिलं नाव सरकारच्या यादीतल्या ज्यू नावांपैकी नाही त्या ज्यू पुरुषांनी नावाला इस्रायल आणि बायकांनी सारा जोडायचं, 1 जानेवारी 1939 पासून. एवढ्या पिढ्या शेजारी राहिलेल्या माणसांना कागदावर वेगळं काढायची ही सोय, वाचतानाही अंगावर काटा येतो. आणि नाव परत हिब्रूकडे गेल्याचंही उदाहरण आहे, गोल्डा मेइर आधी मायरसन होत्या, 1956 मध्ये इस्रायलच्या परराष्ट्रमंत्री झाल्या तेव्हा त्यांनी मेइर हे रूप घेतलं.

राहिलं स्पेलिंग. एम नंतर ई-वाय, ई-आय, ए-आय, ए-वाय, आणि बव्हेरिया-ऑस्ट्रियाकडे तर शेवटचा ई गाळून एम-ए-वाय-आर. उच्चार सगळ्यांचा मायर. पाद्री कानाला येईल तसं लिहायचा, एकाच बापाची मुलं दोन स्पेलिंगने नोंदलेली सापडतात. 1 जानेवारी 1876 पासून साऱ्या जर्मन साम्राज्यात सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली आणि त्या रजिस्टरात जे पडलं तेच पुढे चालू राहिलं. म्हणून कोणाला आपले मायर पूर्वज शोधायचे असतील तर 1876 च्या आधीच्या नोंदींत एकच स्पेलिंग धरून बसू नये, सगळी बघावीत, आणि चर्चच्या वह्यांबरोबर त्या गावच्या जमिनीच्या खंडाच्या याद्याही काढाव्यात, कारण माणसाचं नाव बदललं तरी शेत तिथेच असतं.