खवळलेल्या दर्याच्या तळाशी

पावसाळ्यात समुद्र एवढा खवळतो, म्हणजे त्यात हवा भरपूर मिसळत असणार, असा आपला समज असतो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्याला तो वरच्या काही मीटरपुरताच खरा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यातल्या कांदोळीसमोरच्या उथळ समुद्रात तळालगतचा ऑक्सिजन जवळपास संपलेला असतो.

तो मोजायची विंकलरची पद्धत 1888 ची, पण अजून चालते. तळाचे पाणी बुडबुडा न येऊ देता काचेच्या बाटलीत भरायचे, त्यात मँगनीज क्लोराइड आणि अल्कधर्मी आयोडाइड सोडायचे, बूच घट्ट बसवून बाटली उलटसुलट करायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर तो पांढराच राहतो. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर 1997 पासून वर्षानुवर्षे मोजमापे केली आहेत.

हे होते कसे? मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत खोलवरचे पाणी किनाऱ्याकडे वर चढते. त्यात ऑक्सिजन आधीच कमी, पण नायट्रेट, फॉस्फेट भरपूर. त्यावर वनस्पतीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, माजते, मरते, खाली जाते आणि जिवाणू ते कुजवताना उरलासुरला ऑक्सिजनही संपवतात. त्यात पावसाचे आणि नद्यांचे गोडे पाणी हलके असल्याने झाकणासारखे वर पसरते. वरची हवा खाली पोचतच नाही.

आता खरी गंमत. ऑक्सिजन संपला म्हणून जिवाणू थांबत नाहीत, ते नायट्रेटवर श्वास चालवतात. नायट्रेटचे नायट्राइट, त्याचे नायट्रिक ऑक्साइड, त्याचे नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी निरुपद्रवी नायट्रोजन. प्रत्येक पायरीचे विकर, म्हणजे ती क्रिया घडवणारे प्रथिन (एन्झाइम), वेगळे. शेवटच्या पायरीच्या विकराला तांबे लागते आणि ते भारी नाजूक: ऑक्सिजनचा अंश लागला तरी ठप्प होते. आधीची विकरे तेवढे सोसतात. म्हणून कायम ऑक्सिजनहीन असलेल्या पाण्यात साखळी बहुतेक पूर्ण होते, पण जिथे ऑक्सिजन येतो-जातो तिथे ती नायट्रस ऑक्साइडपाशी अडते आणि हा वायू साठत जातो. अमोनियाच्या ऑक्सिडीकरणातूनही तो निघतो, आणि कमी ऑक्सिजनमध्ये तिथले प्रमाणही वाढते. डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली ‘नेचर’मध्ये दाखवले, की आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पाण्यात तो प्रचंड साठतो. नायट्रेटही संपले की पाळी सल्फेटची. मग हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यांचा वास.

हवामानबदल म्हटला की आपण कार्बन डायऑक्साइडवर थांबतो. शंभर वर्षांच्या हिशेबात नायट्रस ऑक्साइड वजनाला वजन त्याच्या सुमारे 270 पट तापवतो, शिवाय वरच्या ओझोनलाही खातो.

मेलेली मासळी किनाऱ्याला लागली की काहींना दर्याचा कोप दिसतो आणि वाहिन्यांना ‘समुद्र मेला’ हा मथळा. दोन्ही सारखेच आळशी. भर समुद्रात साधारण 150 ते 1000 मीटर खोलीवरचा ऑक्सिजनदुर्भिक्षाचा पट्टा माणसाने केलेला नाही. तळाच्या गाळातले नायट्रोजनचे समस्थानिक, म्हणजे त्याचे हलके-जड अणू, सांगतात, की तिथले नायट्रेट-श्वसन उबदार काळात जोमात होते आणि हिमयुगात मंदावले होते. किनाऱ्यालगतच्या ताज्या बिघाडात नद्यांतून येणाऱ्या खतांचा वाटा किती आणि वाऱ्यांचा किती, यावर मात्र संशोधकांत अजून एकमत नाही.